कार्ब्युरेटरची निवड

एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळावयाचे तर त्याला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एखादी कोठीची खोली डोळ्यांपुढे आणा. त्या खोलीत मावेल एवढी हवा मोटारीचे यंत्र एका लिटरमागे गिळून टाकते. पंपावर आपण पैसे मोजतो ते पेट्रोलचे. हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. यंत्राच्या दृष्टीने मात्र हवा हेच मुख्य अन्न असून पेट्रोल हे तोंडीलावणे होय. वजनाने पाहू गेल्यास एक भाग पेट्रोलला साडेचौदा-पावणेपंधरा भाग हवा, हे त्या जेवणाचे प्रमाण. हे प्रमाण राखण्याचे काम जुन्या मोटारींत ज्या एका लहानशा, पितळी-जस्ती भांड्याकडे सोपविलेले असे, त्याचे नाव कार्ब्युरेटर.

'असे' हा भूतकाळ मी जाणूनबुजून वापरला. आपल्या देशात २००० सालाच्या आसपास नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला आणि त्याची जागा संगणकाच्या हुकुमाने पेट्रोल फवारणाऱ्या पिचकाऱ्यांनी घेतली. १ एप्रिल २०२० रोजी प्रदूषणाचे सहावे मानक लागू झाल्यावर नव्या स्कूटरी आणि मोटारसायकलीही त्याच वाटेने गेल्या. मी राहतो त्या कोरमंगलाला लागूनच आडुगोडी आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा, म्हणजे बंगळूरकरांच्या 'मायको'चा, जुना कारखाना तेथलाच. डिझेल यंत्रांत इंधन फवारणारे पंप ही कंपनी बंगळुरात करीत आली. कार्ब्युरेटरला ज्या विद्येने घालविले, तीच विद्या आमच्या शेजारी कित्येक दशके आधीच नांदत होती. २००८ पासून या कंपनीचे नाव बॉश असे आहे. जुनी माणसे अद्याप मायकोच म्हणतात.

मग गेलेल्या वस्तूची चर्चा आज कशासाठी? यासाठी की मोटारी गेल्या नाहीत. कोरमंगलातील झाडांच्या सावलीच्या गल्ल्यांतून रविवारी सकाळी फिरावयास निघालो, तर कापडी खोळीखाली झाकलेली एखादी पद्मिनी, एखादी अँबॅसिडर, क्वचित एखादी काँटेसा दृष्टीस पडतेच. माझ्या वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी त्यांतच आहे. ते दादरहून आमच्याकडे राहावयास आले तेव्हा गाडीही आली. आता ते स्वतः चालवीत नाहीत. पण रविवारी लालबागेपर्यंत जावयाचे ते याच गाडीतून, हा त्यांचा नेम आहे. आमच्या समोरच्या घरात बेळगावचा एक तरुण अभियंता राहतो. त्याने गेल्या वर्षी काँटेसा घेतली. एका गाडीला चालू ठेवावयाचे आहे आणि दुसरीला पळवावयाचे आहे. दोन्ही घरांपुढे प्रश्न एकच : कार्ब्युरेटर कोणता बसवावा?

काँटेसाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकेत १९६४ साली पाँटियाक कंपनीने मध्यम आकाराच्या मोटारीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे यंत्र बसवून 'जीटीओ' नावाची गाडी विकावयास काढली आणि तेथे 'मसल कार' नावाच्या पहिलवानी मोटारींचे युग सुरू झाले. आपल्याकडे असे आठ सिलिंडरांचे पहिलवान सामान्य माणसाच्या वाट्याला कधी आले नाहीत. तेव्हा लांब नाक, रुंद खांदे आणि जमिनीलगतची बैठक यांवर समाधान मानून लोकांनी हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसालाच ते बिरुद बहाल केले. मूळची ही इंग्लंडातील व्हॉक्सहॉल. १९८४ पासून २००२ पर्यंत ती आपल्याकडे निघाली. प्रथम तिच्यात अँबॅसिडरचेच जेमतेम दीड लिटरचे यंत्र होते, म्हणजे अंगरखा पहिलवानाचा आणि आत कारकून. पुढे जपानी इसुझूचे १८१७ घनसेंटिमीटरचे यंत्र आले, तेव्हा कोठे गाडीला तिच्या रूपाला शोभेल असा दम मिळाला.

आता कार्ब्युरेटरचे काम पाहू. पिस्टन खाली सरकला की सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरची हवा आत धावते. तिच्या वाटेवर एक नळी असून ती मध्यभागी कंबरेसारखी निमुळती केलेली असते. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांच्यावरून या कंबरेला व्हेंचुरी म्हणतात. नदीचे पात्र अरुंद झाले की पाण्याला ओढ येते, तशी येथे हवेला गती येते. आणि गती वाढली की दाब उतरतो. नेमक्या त्याच जागी पेट्रोलच्या वाडग्यातून आलेल्या बारीक नळीचे तोंड ठेवलेले असते. वाडग्यावर बाहेरचा पुरा दाब, नळीच्या तोंडाशी कमी दाब. या फरकामुळे पेट्रोल आपोआप वर चढते आणि धुक्यासारखे हवेत मिसळते. पेट्रोल किती जावे हे ठरविते ते जेट, म्हणजे एक छिद्र पाडलेला पितळी स्क्रू. त्याच्यावरचा १२० हा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास १.२० मिलिमीटर. वाडग्यातील पातळी कायम राखण्यासाठी एक तरंगता गोळा, गाडी उभी असताना यंत्र चालते ठेवण्यासाठी एक निराळा लहान जेट, पायाने एकदम दाबल्यास पेट्रोलची चूळ सोडणारा एक छोटा पंप, आणि सकाळच्या गारव्यासाठी चोक, एवढाच काय तो संसार. वीज नाही, संगणक नाही. पेट्रोल वर चढते ते केवळ हवेच्या ओढीने, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण निवडीचे सारे मर्म तिच्यात आहे.

बाजारात गेलेला मनुष्य समजतो की मोठा कार्ब्युरेटर म्हणजे जास्त ताकद. थोरल्या ताटात जेवल्याने भूक वाढत नाही, तशातला हा प्रकार. यंत्राची भूक किती, हे मोजण्याचा हिशेब सोपा आहे. चार टप्प्यांचे यंत्र दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा ओढते. म्हणून यंत्राचे लिटर आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार करून त्याला दोनने भागावे. सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नसल्यामुळे सामान्य यंत्रासाठी त्याचे आठ दशांश घ्यावेत. आमच्या पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५, सिलिंडर चार. एकूण १०८९ घनसेंटिमीटर. ४८०० फेऱ्यांना तिला मिनिटाला सुमारे २१०० लिटर हवा लागते. काँटेसाला ५००० फेऱ्यांना सुमारे ३६००. आणि ज्या जीटीओचा उल्लेख केला, तिच्यासारखे चांगले भरणारे मोठे यंत्र त्याच फेऱ्यांना साडेतेरा हजार लिटरच्या आसपास ओढते.

अमेरिकन लोक हीच मोजणी मिनिटाला किती घनफूट अशी करतात. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. तेव्हा त्या आठ सिलिंडरांच्या राक्षसाचीही गरज ४८० घनफुटांची ठरते. तरीही तेथील हौशी मंडळी ७५० घनफुटांचा कार्ब्युरेटर विकत घेतात आणि मग गाडी सिग्नलवर अडखळते म्हणून मेकॅनिकाला बोल लावतात. अडखळण्याचे कारण वर सांगितलेच आहे. कंबर रुंद झाली की कमी फेऱ्यांत हवेची गती मंदावते, दाब पुरेसा उतरत नाही आणि पेट्रोल धुके होऊन न येता थेंबाथेंबाने येते. थेंब जळत नाही. तो सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल मात्र धुऊन नेतो.

यावर तोडगा निघाला तो नळ्या वाढवून. चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये दोन नळ्या नेहमी चालतात. उरलेल्या दोन पाय पुरता दाबल्यावर उघडतात. १९६५ च्या सुमारास आलेल्या रॉचेस्टर कंपनीच्या 'क्वाड्राजेट'मध्ये पहिल्या दोन नळ्या मुद्दाम लहान आणि मागच्या दोन फार मोठ्या ठेवल्या होत्या. गावात लहान तोंडाने खावे आणि मोकळ्या रस्त्यावर मोठ्याने, ही त्यातील युक्ती. मला तो कार्ब्युरेटर फार शहाणपणाचा वाटतो, जरी शर्यतीची मंडळी त्याला नाके मुरडतात. मागच्या नळ्या तारेने उघडावयाच्या की हवेच्या ओढीवर आपोआप उघडू द्यावयाच्या, हाही एक प्रश्न असतो. गाडी जड असेल आणि गिअर आपोआप बदलणारे असतील, तर आपोआप उघडणाऱ्याच बऱ्या; कारण यंत्राला भूक लागल्यावाचून त्या उघडतच नाहीत. इंग्रजांच्या एसयू कार्ब्युरेटरने हाच प्रश्न एका नळीत सोडविला होता. त्यात हवेच्या ओढीनुसार एक पिस्टन वरखाली होऊन कंबर स्वतःच रुंद आणि अरुंद होते. आपल्या अँबॅसिडरवर पुष्कळ वर्षे हा एसयू असे, आणि जुने चालक त्याच्या सौम्य स्वभावाची अजून तारीफ करतात.

आमच्या समोरच्या तरुणाचा बेत काँटेसावर चाळीस मिलिमीटर तोंडाचे, दोन-दोन नळ्यांचे, दोन वेबर कार्ब्युरेटर आडवे बसविण्याचा आहे. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी. शर्यतीच्या गाडीला याहून उत्तम व्यवस्था नाही, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक सिलिंडरला समान वाटा मिळतो आणि आवाज तर असा येतो की रस्त्यावरची माणसे वळून पाहतात. मी त्याला एवढेच विचारले, की बाबा रे, तुझे यंत्र दिवसातून किती वेळ पाच हजार फेऱ्यांवर असते? तो हसला आणि म्हणाला, "काका, सोनी वर्ल्डच्या सिग्नलपासून सिल्क बोर्डापर्यंत दुसऱ्या गिअरच्या पुढे जायला मिळालं तर सांगतो."

या उत्तरातच निवडीचे पहिले सूत्र आहे. यंत्र आपले आयुष्य जेथे काढते, तेथल्यासाठी कार्ब्युरेटर घ्यावा. कोरमंगलातील मोटार आयुष्याचा मोठा भाग एकतर उभी असते, नाहीतर सरपटत असते. तेव्हा तिचे पोषण मुख्य जेट करीतच नाही. ते करतो उभ्या गाडीचा तो लहान जेट आणि थ्रॉटलच्या कडेची दोन-तीन सुईएवढी छिद्रे. जो कार्ब्युरेटर या छिद्रांवरून मुख्य जेटवर जाताना ठेच खात नाही, तो चांगला. दोन वेबर बसविल्यास चारही नळ्या एकसारख्या उघडतात की नाही हे वरचेवर जुळवून घ्यावे लागते, आणि पेट्रोलचा खर्च तर विचारूच नये. काँटेसाला मुळात दोन नळ्यांचाच कार्ब्युरेटर आहे, एक आधी उघडणारी आणि एक मागाहून. म्हणजे क्वाड्राजेटची युक्ती लहान प्रमाणात तिच्या घरातच आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे होऊ नये.

दुसरे सूत्र उंचीचे, आणि ते बंगळुरात फार महत्त्वाचे आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरांवर वसले आहे. येथील हवा मुंबईच्या मानाने आठ-नऊ टक्के विरळ आहे. कार्ब्युरेटरला हवेचे आकारमान कळते, वजन पुरते कळत नाही. त्यामुळे मुंबईच्या बंदरावर नीट जुळविलेली गाडी बंगळुरात आणली की तिला चार-साडेचार टक्के पेट्रोल अधिक जाऊ लागते. ठिणगीच्या प्लगवर काजळी धरते, धुराला उग्र वास येतो, आणि यंत्र जेवून सुस्तावल्यासारखे चालते. वडिलांची गाडी येथे आली तेव्हा नेमके हेच झाले. त्या काळी पेट्रोलमध्ये अल्कोहोल नाममात्र असे, त्यामुळे उपायही सोपा होता : छिद्राचे क्षेत्रफळ चार टक्क्यांनी, म्हणजे व्यास दोन टक्क्यांनी उतरविणे. १२० च्या जागी ११७.५ चा जेट.

परंतु हा हिशेब आता तसाच लागू पडत नाही, कारण मध्यंतरी पेट्रोलच बदलले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, योगायोगाने याच बंगळूर शहरात, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा देशातील आरंभ जाहीर झाला. आणि २०२५ सालापर्यंत देशभरच्या पेट्रोलमधील मिश्रण सरासरी वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल; आपल्याकडे ते उसाच्या रसापासून आणि मळीपासून, तसेच धान्यापासून होते. कोल्हापूरच्या शेतातील ऊस कोरमंगलातील पद्मिनीच्या टाकीत येऊन पडतो असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. परदेशी तेल कमी लागावे आणि उसाला गिऱ्हाईक मिळावे, हा त्यामागील हेतू आहे आणि तो माझ्यासारख्या सरकारी नोकरालाच नव्हे, कोणालाही पटेल. तथापि जुन्या यंत्राची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे.

इथेनॉलच्या अंगात मुळातच प्राणवायू असल्यामुळे त्याला हवा कमी लागते. निव्वळ पेट्रोलचे प्रमाण एकास १४.७, इथेनॉलचे एकास ९. वीस टक्के मिश्रणाचे निघते एकास १३.५. नव्या मोटारीतील संगणक धुराचा वास घेऊन हे ओळखतो आणि पिचकारी जास्त वेळ उघडी ठेवतो. कार्ब्युरेटरला नाक नाही. १२० चे छिद्र १२० एवढेच सोडणार. परिणामी मिश्रण कोरडे पडते. मेकॅनिक ज्याला 'लीन' म्हणतात ते हेच. गाडी खोकते, तापते, चढावर दम सोडते, आणि कोरडेपणा फार दिवस राहिला तर धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा जळण्याचा संभव असतो. काजळीचे दुखणे परवडले; ते कापडाने पुसता येते. कोरडेपणाचे दुखणे खिशाला भारी पडते. दर लिटरमागे मिळणारी उष्णताही या मिश्रणात सहा-सात टक्के कमीच असते. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो हे खरे; पण त्याचा लाभ जास्त दाबाच्या नव्या यंत्रांना. पद्मिनीचे यंत्र जुन्या, हलक्या पेट्रोलवर चालावे म्हणून मुळातच कमी दाबाचे बांधलेले आहे.

आता गंमत पाहावी. उंचीमुळे पेट्रोल चार-साडेचार टक्के जास्त जाते. इथेनॉलमुळे ते आठ टक्क्यांच्या आसपास कमी पडते. बंगळुरात दोन्ही एकदमच घडत असल्याने एकाची भरपाई दुसरा काही अंशी करतो. उरलेली तूट साडेतीन टक्क्यांची. म्हणजे समुद्रकाठी निव्वळ पेट्रोलवर १२० चा जेट योग्य असेल, तर वीस टक्क्यांच्या पेट्रोलवर मुंबईत १२५ चा लागेल आणि बंगळुरात १२२.५ चा. पुण्याची उंची ५६० मीटर. तेथील मनुष्याने या दोहोंच्या मध्ये कोठेतरी प्रयोग करून पाहावा. ज्याने पूर्वी कोणाच्या सांगण्यावरून बंगळूरसाठी ११७.५ चा जेट घालून ठेवला आहे, त्याने तो आता निश्चित बदलावा; त्याची गाडी आज सर्वांत कोरडी चालत असणार. अर्थात हा कागदावरचा हिशेब आहे. कौल घ्यावयाचा तो प्लगचा. वीसएक किलोमीटर नेहमीप्रमाणे गाडी चालवून प्लग काढावा. भाजलेल्या बिस्किटाचा रंग असेल तर प्रमाण जमले; काळा मखमली थर असेल तर पेट्रोल जास्त; पांढराफटक असेल तर कमी.

जेटच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बंगळुरात जुन्या मोटारींचे सुटे भाग मिळण्याचे ठिकाण म्हणजे जयचामराजेंद्र रस्ता, सर्वांच्या तोंडी जे. सी. रोड. तेथे मागाल ते मिळते, हे खरे. पण मागितलेलेच मिळते असे नाही. एका दुकानातून मी घेतलेल्या जेटवर १२० असे ठसठशीत कोरले होते आणि त्यातून सव्वा मिलिमीटरच्या ड्रिलचा दांडा निर्वेध आरपार गेला. तेव्हापासून १.१५ पासून १.३० पर्यंतच्या बारीक ड्रिलांचा संच मी बरोबर नेतो. दुकानदाराला त्याचा राग येत नाही. उलट खोक्याच्या तळातला, जुन्या कागदात गुंडाळलेला, खरा जेट तो मग स्वतःच काढून देतो.

नवा कार्ब्युरेटर घेण्याआधी जुन्याची प्रकृती नीट पाहणे अगत्याचे आहे. पद्मिनीचा सोलेक्स चाळीस वर्षांनी झिजतो तो बहुधा एकाच जागी : थ्रॉटलची दांडी ज्या भोकातून फिरते ते भोक अंडाकृती होते आणि तेथून चोरटी हवा आत शिरते. मग जेट कोणताही घाला, उभी गाडी स्थिर चालत नाही. परीक्षा सोपी आहे. यंत्र चालू असताना दांडीच्या टोकाशी तेलाचे दोन थेंब सोडावेत. आवाज बदलला, तर रोग तेथे आहे. चांगला खरादी त्या जागी पितळेची नवी पुंगळी बसवून देतो आणि मूळ कार्ब्युरेटर आणखी वीस वर्षे चालतो. तळाची चकती वाकडी झाली असल्यास काचेवर बारीक पॉलिश कागद पसरून ती घासून सपाट करता येते. ठिणगीची वेळ, प्लग आणि काँटॅक्ट पॉइंट आधी तपासावेत हे तर उघडच आहे. पुष्कळ कार्ब्युरेटर दुसऱ्याच्या अपराधाबद्दल फाशी गेले आहेत.

इथेनॉलचा दुसरा उपद्रव पदार्थांवर होतो. जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडतात, बुचाच्या तरंगत्या गोळ्यावरचे लाखेचे लेपण विरघळते, आणि इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेत असल्यामुळे महिनामहिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वाडग्यात जस्ती धातूला पांढरी बुरशी चढते. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळही तो सोडवून पुढे ढकलतो. नवे पेट्रोल सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जेट तुंबण्याच्या तक्रारी येतात त्या यामुळे. म्हणून नळ्या आणि वेष्टणे इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घ्यावीत, गोळा पितळेचा असावा, टाकी आणि पंप यांच्यामध्ये एक स्वच्छ गाळणी बसवावी, आणि गाडी पंधरवड्याहून जास्त उभी राहणार असल्यास वाडगे रिकामे करून ठेवावे. लालबागेच्या रविवारच्या फेरीमुळे आमच्या गाडीला हे शेवटचे पथ्य पाळावे लागत नाही. उन्हाळ्यात वाहतूक तुंबली की पेट्रोल पंपातच उकळून वाफ होते आणि गाडी बंद पडते. मुंबईच्या टॅक्सीचालकांनी पंपावर ओले फडके ठेवण्याचा जो उपाय काढला होता, त्याहून चांगला उपाय मला अद्याप सापडलेला नाही. त्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या; ओल्या फडक्याची विद्या तेवढी मागे राहिली.

मूळ कार्ब्युरेटर खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेला असेल तर काय घ्यावे? मारुती ८०० चा बसवा, पेट्रोल वाचेल, असा सल्ला गराजमध्ये हमखास मिळतो. ती गाडी ७९६ घनसेंटिमीटरची, आपली १०८९ ची. गावात तो कार्ब्युरेटर कदाचित गोड चालेल, कारण लहान कंबरेत हवेला ओढ चांगली येते. पण मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये यंत्राची दमछाक होईल. शिवाय मध्ये घालावयाची पट्टी, बदललेल्या तारा, निराळा एअर-फिल्टर, असा एकेक उपद्व्याप वाढत जातो. माझे मत सोलेक्सच्या बाजूचे आहे : त्याच जातीचा, त्याच तोंडाचा, दुसऱ्या गाडीतून काढलेला पण दांडी घट्ट असलेला. सुबक दिसणारी नवी नक्कल घेण्यापेक्षा जुना अस्सल बरा. काँटेसालाही हेच लागू आहे. तिच्या मालकाला तरीही दोन वेबर हवेच असतील, तर चाळीसच्या तोंडात कंबर मात्र लहान घालून घ्यावी; त्यांची कंबर बदलता येते, ही त्या कार्ब्युरेटरांची मोठी सोय आहे.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. नोंदणीपत्रात कार्ब्युरेटरचा रकाना नसतो, म्हणून जेट बदलल्याने कोणी अपराधी ठरत नाही. परंतु २०२१ साली प्राचीन मोटारींसाठी जे नियम झाले, त्यांत पन्नास वर्षे पूर्ण झालेली गाडी मूळ स्वरूपात असावी, तिचा सांगाडा, कवच किंवा यंत्र यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. वडिलांच्या पद्मिनीला तो मान २०३४ साली मिळू शकेल. तोवर मूळ सोलेक्स जपून ठेवण्यास हे एक जास्तीचे कारण. के.ए. ०१ ही अक्षरे देणारे परिवहन कार्यालय कोरमंगलातच आहे, त्यामुळे तपासणीस जाण्याचा आळस करण्यासही आम्हांला सबब नाही. १ एप्रिल २००० पूर्वीच्या पेट्रोल मोटारीच्या धुरात, गाडी उभी असताना, कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या आत आणि न जळलेले हायड्रोकार्बन दशलक्षांत १५०० भागांच्या आत असावेत, अशी मर्यादा आहे. नीट जुळविलेला सोलेक्स ती मर्यादा सहज पाळतो. गंमत अशी, की केवळ ही परीक्षा पास व्हावी म्हणून काही मेकॅनिक उभ्या गाडीचा स्क्रू आवळून मिश्रण अति कोरडे करून देतात; दाखला मिळतो आणि परतीच्या वाटेवर पहिल्याच सिग्नलला गाडी विझते. तो स्क्रू यंत्र पुरते तापल्यावर फिरवावा. फेऱ्या जास्तीत जास्त होतील तेथपर्यंत आणावा आणि तेथून पाव फेरा आत घ्यावा, एवढे पुरते.

गाडी घेऊन बंगळुरातून खाली उतरावयाचे झाल्यास, म्हणजे शिराडी घाटाने मंगळूरकडे किंवा पुढे मुंबईकडे, तर १२५ चा एक मोजलेला जेट कागदाच्या पुडीत घालून हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवावा आणि पुडीवर आकडा लिहावा. नऊशे मीटर उतरल्यावर बंगळूरचा जेट थोडा कोरडा पडू लागतो. एक-दोन दिवसांच्या मुक्कामासाठी हात लावण्याची गरज नाही. आठवडाभर राहावयाचे असेल, तर यंत्र थंड झाल्यावर वाडग्यातील पेट्रोल एका काचेच्या भांड्यात काढून जेट बदलावा. कार्ब्युरेटर उतरवावा लागत नाही. एक रुंद तोंडाचा स्क्रूड्रायव्हर, एक पाना आणि पंधरा मिनिटे एवढे साहित्य पुरते, आणि खाली एक पांढरे फडके पसरलेले असावे, कारण जेट हातातून निसटला तर तो यंत्राखालच्या अंधारात हटकून नाहीसा होतो.